कॉफीच्या दुकानातला होमर



सभागृहाच्या दारातच एका जुन्या स्नेह्यांनी मला अडवले. बाहेरच्या फळ्यावर विषय वाचून ते म्हणाले, ‘‘अहो, ज्ञानेश्वरीवर बोला, महाभारतावर बोला. त्या ग्रीकांचं आम्हाला काय?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर लगेच देत नाही, म्हणजे निदान ते स्वतः तरी शेवटपर्यंत बसतील. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते संस्कृतचे शिक्षक होते. वर्गात एखाद्या श्लोकावर अडले, की ते पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, ‘‘आता नुसतं ऐका.’’ आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्या माणसाने आयुष्यात नेमके हेच केले.

त्याचे नाव मिल्मन पॅरी. जन्म २३ जून १९०२, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी. मृत्यू ३ डिसेंबर १९३५. वजाबाकी तुम्ही मनात केलीच असेल: तेहतीस वर्षे. त्याच्या हयातीत त्याच्या नावावर फ्रेंचमधले दोन प्रबंध आणि थोडे लेख, एवढेच होते. तरीही विसाव्या शतकात होमरविषयी जे काही लिहिले गेले त्याचे ‘पॅरीच्या आधी’ आणि ‘पॅरीच्या नंतर’ असे दोन भाग पडतात. एवढ्याशा आयुष्यात हे कसे घडले?

त्यासाठी आधी एक जुने भांडण सांगायला हवे. इलियड आणि ओडिसी या दोन महाकाव्यांच्या मिळून सत्तावीस हजारांहून अधिक ओळी आहेत. रचणारा होमर, आणि तो आंधळा होता, असे परंपरा सांगते. १७९५ मध्ये फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने विचारले, की ज्या काळी ग्रीकांमध्ये लेखन रुळलेले नव्हते, त्या काळी एवढे काव्य एकाने रचले कसे आणि ते टिकले कसे? झाले, पंडितांचे दोन तट पडले. एक तट म्हणे, होमर एकच. दुसरा म्हणे, छे, हे अनेकांचे काम, मागाहून शिवलेली गोधडी आहे ही. मग गोधडीचे तुकडे उसवायची अहमहमिका लागली. हा तुकडा जुना, हा नवा, ही ओळ घुसडलेली, ही मूळची! सव्वाशे वर्षे हे चालले. दोन्हीकडे प्रचंड विद्वत्ता होती. पण मला विचाराल तर दोघांचाही प्रश्न चुकलेला होता. ‘कोणी रचले?’ यावर ते भांडत होते. ‘कसे रचले?’ हे विचारायचे राहूनच गेले होते.

ते विचारले बर्कलीच्या एका विद्यार्थ्याने. वय वर्षे एकवीस. एम.ए.च्या छोट्याशा प्रबंधात, १९२३ साली.

होमर वाचताना कोणाच्याही ध्यानात येते, की तिथे माणसांना, देवांना, वस्तूंना ठरलेली विशेषणे चिकटलेली आहेत. अकिलीस म्हटला की तो चपळ पायांचा. मग तो रुसून तंबूत बसलेला असला तरी चपळ पायांचाच. जहाजे वेगवान, मग ती वाळूवर ओढून ठेवलेली का असेनात. ओडिसीच्या सुरुवातीला झ्यूसला एगिस्थस आठवतो. दुसऱ्याच्या बायकोशी संधान बांधून तिच्या नवऱ्याला ठार मारणारा हा माणूस. त्यालाही विशेषण कोणते? ‘निर्दोष’! टीकाकार शेकडो वर्षे डोके खाजवत होते. कोणी म्हणे उपरोध आहे, कोणी म्हणे खोल अर्थ आहे.

पॅरीने अर्थ बाजूला ठेवला आणि मात्रा मोजल्या. होमरचे वृत्त सहा गणांचे, दीर्घ आणि ऱ्हस्व अक्षरांच्या काटेकोर हिशोबाचे. ओडिसियसचे नाव ओळीच्या अखेरीस आणायचे आहे. ओळीत जागा थोडी उरली असेल तर तो ‘देवतुल्य ओडिसियस’. जास्त उरली तर ‘बहुकल्पक ओडिसियस’. त्याहून जास्त उरली तर ‘खूप सोसलेला देवतुल्य ओडिसियस’. जेवढी जागा, तेवढ्या मापाचा शब्दसमूह तयार. आणि गंमत पुढेच आहे. एका मापाच्या जागेसाठी बहुधा एकच शब्दसमूह असतो, दोन नाहीत. सुताराच्या पेटीत एकाच मापाच्या दोन पटाशा नसाव्यात, तशी ही काटकसर. सगळे देव, सगळे वीर, सगळी मापे, आणि प्रत्येक खण भरलेला.

आता सांगा, इतकी पूर्ण आणि इतकी काटकसरी व्यवस्था एका माणसाला, तो कितीही प्रतिभावान असला तरी, एका आयुष्यात बसवता येईल का? पॅरी म्हणाला, नाही. हे पिढ्यान् पिढ्यांच्या गाणाऱ्यांचे काम आहे. आणि अशी व्यवस्था कोणाला लागते? बसून, खोडून, पुन्हा लिहिणाऱ्याला लागत नाही. लागते ती ज्याच्यासमोर श्रोते बसले आहेत आणि ज्याला थांबता येत नाही, त्याला.

इथे क्षणभर आपल्या घरात येऊ. गीतेत श्रीकृष्ण अर्जुनाला कुठे ‘पार्थ’ म्हणतो, कुठे ‘कौंतेय’, कुठे ‘धनंजय’, ‘महाबाहो’, ‘परंतप’, ‘गुडाकेश’. आपले कीर्तनकार किती रंगून सांगतात, की इथे ‘गुडाकेश’च का म्हटले, तर निद्रा जिंकलेला म्हणून. मीही लहानपणी माना डोलावल्या आहेत. पण ‘पार्थ’ दोन अक्षरांचा आणि ‘धनंजय’ चार अक्षरांचा, अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा, हा हिशोब किती जणांनी मांडून दाखवला? विशेषणाला अर्थ नसतो असे मी म्हणत नाही. तसे म्हणून या गावात घरी सुखरूप पोचणे कठीण. माझे म्हणणे एवढेच, की अर्थ शोधण्याआधी जागा मोजावी. दारात प्रश्न विचारणाऱ्या स्नेह्यांना उत्तराचा पहिला हप्ता पोचला असे समजतो.

बर्कलीहून पॅरी पॅरिसला गेला. सोबत कुटुंब होते. फ्रेंच शिकून त्याने फ्रेंचमध्येच होमरच्या पारंपरिक विशेषणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये सॉर्बोनची डॉक्टरेट मिळवली. तिथे त्याला आंत्वान मेये हे गुरू लाभले. मेये हे मोठे भाषाशास्त्रज्ञ. ग्रीक वृत्तांचे मूळ शोधताना वैदिक छंदांशी त्यांची तुलना करणारा हा माणूस. प्रबंध त्यांना पसंत पडला, पण एक खोट त्यांनी ओळखली. तुझी व्यवस्था ‘परंपरेतून आलेली’ आहे हे तू सिद्ध केलेस, पण ती ‘तोंडी’ आहे हे तुला कुठे दिसले? आणि म्हणून मेयेंनी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला एका पाहुण्याला बोलावले. मातिया मुर्को त्यांचे नाव. हे स्लाव्ह भाषांचे अभ्यासक होते आणि दक्षिण स्लाव्ह प्रदेशात अजूनही वीरगाथा गाणारे निरक्षर गायक आहेत, हे त्यांनी स्वतः फिरून पाहिले होते.

विद्वत्तेच्या जगात परीक्षेला आलेला पाहुणा विद्यार्थ्याचे आयुष्य बदलतो, असे क्वचित घडते. आपल्याकडे तो बहुधा प्रवासभत्त्याच्या कागदावर सही करून जातो.

पॅरी अमेरिकेत परतला. वर्षभर आयोवातल्या ड्रेक विद्यापीठात आणि १९२९ पासून हार्वर्डमध्ये शिकवू लागला. चांगली नोकरी, उत्तम ग्रंथालय. आणखी वीस वर्षे विशेषणे मोजत बसला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्याला जाणवले, की पुस्तकात हे उत्तर मिळणार नाही. मेलेल्या परंपरेचा सांगाडा मोजून ती चालत कशी होती ते कळत नाही. चालती परंपरा पाहायला हवी. १९३३ च्या उन्हाळ्यात तो मुर्कोंच्या त्या दक्षिण स्लाव्ह मुलखात, म्हणजे युगोस्लाव्हियात गेला. १९३४ मध्ये पुन्हा गेला आणि १९३५ पर्यंत तिथेच राहिला. कुटुंब दुब्रोव्निकच्या किनाऱ्यावर, आणि हा बोस्निया, हर्जेगोविना, संजाक या डोंगराळ मुलखात मोटारीतून हिंडतो आहे.

याच १९३३ साली पुण्यात काय चालले होते? भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर महाभारताच्या आदिपर्वाचा चिकित्सक खंड पूर्ण करत होते. शेकडो वर्षांच्या हस्तलिखितांतले पाठ शब्दाशब्दाने ताडून सर्वांत जुना पाठ कसा गाठायचा, याची प्रदीर्घ चर्चा त्यांनी प्रस्तावनेत केली. त्या प्रस्तावनेचे नाव ‘प्रोलेगोमेना’. वोल्फच्या ग्रंथाचेही नाव तेच. म्हणजे एकाच वर्षी एक माणूस पोथ्यांच्या ढिगाऱ्यात बसून गंगा उगमाकडे उलटी चढतो आहे, आणि दुसरा, दुसऱ्या खंडात, नदी वाहताना कशी वळते ते काठावर बसून पाहतो आहे. त्यांची भेट झाली असती तर? असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. मी विचारतो.

पॅरीच्या गाडीत एक यंत्र होते. कनेक्टिकटमधल्या एका कंपनीकडून त्याने ते मुद्दाम करवून घेतले होते. त्यात दोन तबकड्या होत्या. ॲल्युमिनियमची एक तबकडी काही मिनिटांतच भरे, पण गायक तर तासन् तास गाणार. मग एक भरली की खटका दाबून लगेच दुसरी चालू करायची आणि तोवर पहिली बदलायची. डोंगरात वीज कुठली? बॅटरी लागे, आणि ती गाडीच्या इंजिनावर भारावी लागे. अशा साडेतीन हजारांहून जास्त तबकड्या त्याने भरल्या. ग्रीकच्या प्राध्यापकाच्या हाताला वंगण लागलेले आहे, हे चित्र मला फार आवडते.

आणि त्याच्याजवळ निकोला होता. निकोला वुय्नोविच, हर्जेगोविनातला पाथरवट, स्वतः गाणारा आणि लिहिता-वाचता येणारा. गायकाला प्रश्न निकोला विचारी. परक्या साहेबासमोर माणूस एक सांगतो, गावच्या माणसासमोर दुसरे सांगतो. हे पॅरीने ओळखले, इथे त्याचे निम्मे यश आहे. सोबत आल्बर्ट लॉर्ड नावाचा हार्वर्डचा नुकता पदवीधर झालेला पोरगा होता, टंकलेखनाला आणि यंत्राला. हे नाव लक्षात ठेवा.

गायकांचे वाद्य म्हणजे गुस्ले. एका तारेचे, गजाने वाजवायचे, आपल्याला रावणहत्थ्याची आठवण यावी असे. ओळ दहा अक्षरांची. वेग मिनिटाला दहा ते वीस ओळी. जागा म्हणजे कॉफीचे दुकान. रमजानच्या महिन्यात मुसलमान गायक तीसही रात्री गात, म्हणून ज्याच्याजवळ तीस गाणी तो पुरा गायक. श्रोते शेतकरी, गुराखी, गाडीवान. ते उठून गेले तर गाणे आवरते घ्यायचे, रंगले तर लांबवायचे.

नोवी पाझारचा जेमाइल झोगिच हा असाच कॉफीच्या दुकानाचा मालक आणि गायक. निकोलाने त्याला विचारले, एकदा ऐकलेले गाणे तू जसेच्या तसे म्हणशील? तो म्हणाला, शब्दाला शब्द, वीस वर्षांनीसुद्धा. पुढे लॉर्डने खरोखरच सतरा वर्षांनी त्याच्याकडून ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. कथा तीच होती. ओळी मात्र त्याच नव्हत्या.

मग झोगिच खोटे बोलत होता का? मुळीच नाही. निकोलाने गायकांना आणखी एक प्रश्न विचारला होता: शब्द म्हणजे काय? त्यांच्या उत्तरांतून दिसते, की ‘शब्द’ म्हणजे कोशातला सुटा शब्द, ही कल्पनाच त्यांच्याजवळ नव्हती. एक आख्खी ओळ हा शब्द, कधी चार ओळींचे बोलणे हाही शब्द. आपल्याला यात अवघड काय आहे? आपण ‘मी त्याला शब्द दिलाय’ म्हणतो तेव्हा किती अक्षरे दिलेली असतात? दिलेला शब्द पाळायचा म्हणजे आशय पाळायचा. झोगिचने शब्द पाळला होता. आपणच मोजपट्टी छापखान्यातली घेऊन बसलो होतो.

आता या साऱ्या कथेचा खरा नायक. बियेलो पोल्येजवळच्या खेड्यातला अव्दो मेजेदोविच. साठीचा, खाटकाचा धंदा केलेला, तुर्की सैन्यात नोकरी झालेली, अक्षरशून्य. गळ्याला गाठ, आवाज घोगरा, वाद्यावर हातही बेताचाच. स्पर्धेत उभा केला असता तर पहिल्या फेरीत बाद झाला असता. त्याला येणारी गाणी अठ्ठावन्न, असे त्याने सांगितले.

पॅरीने एक प्रयोग केला. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाचा दुसरा गायक तिथे आला होता. त्याने अव्दोने कधीही न ऐकलेले एक गाणे म्हटले, २,२९४ ओळींचे. अव्दो ऐकत बसला होता. पुढे आपल्याला काय विचारणार आहेत, याची त्याला पूर्वकल्पना नव्हती. गाणे संपल्यावर पॅरीने विचारले, हे तुला म्हणता येईल? अव्दोने आधी मुमिनचा मान राखला, गाणे छानच झाले म्हणाला, आणि मग स्वतः गाऊ लागला. त्याचे झाले ६,३१३ ओळींचे! कथेचा सांगाडा तोच. पण वीर मनात काय सोसतो ते आले, घोड्याचा साज आला, सभेतली बोलणी फुलली. एकदा ऐकून. कागद नाही, तालीम नाही.

त्याच १९३५ च्या जुलैत अव्दोने एक गाणे निकोलाला सांगून उतरवून घेऊ दिले. स्माइलागिच मेहोचे लग्न, हा विषय. ते भरले १२,३११ ओळींचे. ओडिसीहून मोठे! आणि त्याला हे गाणे कुठून मिळाले होते? एका शेजाऱ्याने छापील चोपडीतून वाचून दाखवले होते. चोपडीत ते दोन हजारांच्या आसपास ओळींचे होते.

एवढे मोठे काव्य लेखनावाचून एकटा माणूस रचू शकेल का, या वोल्फच्या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. ते ग्रंथात नव्हते, ते एका खाटकाच्या घोगऱ्या गळ्यात होते.

इथे मी जरा वेगळा सूर लावणार आहे, कारण व्याख्यानात नुसती आरती होऊ नये. पॅरीची जी बाजू पॅरिसच्या प्रबंधात आहे, ती मला अजूनही रुक्ष वाटते. विशेषण वृत्तासाठी येते, ऐकणाऱ्याचे त्याकडे लक्षही नसते, असे तो जवळजवळ म्हणतो. लक्ष नसते? दररोज ऐकलेला शब्द एखाद्या जागी अचानक काळजाला लागतो, हे आपण हरिपाठ म्हणणाऱ्या कोणालाही विचारावे. माझी शंका नवी नाही. ती त्याच्या घरातच उपस्थित झाली. त्याचा मुलगा ॲडम बाप गेला तेव्हा सात वर्षांचा होता; तोही ग्रीकचा पंडित झाला. १९५६ मध्ये त्याने एक छोटा निबंध लिहून दाखवले, की अकिलीसच्या तोंडी ही ठरीव भाषा अपुरी पडते आणि तो ती वाकवतो. ॲडमची पत्नी ॲन, तीही ग्रीकचीच. तिने त्या ‘निर्दोष’ एगिस्थसवर आख्खे पुस्तक लिहिले आणि म्हटले, की त्या शब्दाचा अर्थ मुळी ‘निर्दोष’ नाही, ‘देखणा’ असा आहे. मामंजी शब्द रिकामा समजले तिथे चुकले. कुठल्या घराण्यात अशी सून असते! बापाचे सगळे लेखन गोळा करून, मोठी प्रस्तावना लिहून ॲडमने १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पतिपत्नी दोघेही गेले. ॲनचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर निघाले.

पॅरीचा स्वतःचा शेवट मी दोन वाक्यांत सांगतो. युगोस्लाव्हियाहून परतल्यावर काही महिन्यांतच, लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात, सामानातल्या पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. अपघात अशी नोंद झाली. त्यावर पुढे पुष्कळ तर्क झाले, त्यांत मला रस नाही.

मागे काय राहिले? तबकड्यांची खोकी, वह्या, आणि एका पुस्तकाची सुरुवातीची काही पाने. पुस्तकाला त्याने नाव दिले होते ‘कथा गाणारा’, ‘द सिंगर ऑफ टेल्स’. मी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलेला तो टंकलेखक पोरगा आठवतो? आल्बर्ट लॉर्ड. त्याने ते सगळे सांभाळले. निकोलाला अमेरिकेत बोलावून तबकड्यांवरचे शब्द कागदावर उतरवून घेतले. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक तेव्हा अमेरिकेत परागंदा होऊन आला होता. त्याने बायकांच्या गाण्यांचे स्वरलेखन केले. कारण संग्रहात वीरगाथा पुरुषांच्या असल्या, तरी बारा हजारांवर नोंदींपैकी बहुसंख्य गाणी बायकांची आहेत, ही गोष्ट लोक विसरतात. हे ऐकताना मला जात्यावरच्या ओव्यांची आठवण होते. हेमा राईरकर आणि गी प्वाट्व्हँ यांनी आपल्याच खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तिथेही ठरीव चरण आहेत, पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजणी आहे, आणि तरी दर बाईची ओवी तिची तिची आहे.

लॉर्ड स्वतः पुन्हा त्या डोंगरांत गेला. म्हातारा अव्दो भेटला, आजारी होता, तरी गायला. १९५३ मध्ये अव्दो वारला. आणि १९६० साली, म्हणजे गुरू जाऊन पंचवीस वर्षे झाल्यावर, लॉर्डने आपले पुस्तक छापले. नाव दुसरे सुचले असतेच. त्याने गुरूने ठेवलेलेच घातले.

स्नेहीहो, दारातल्या प्रश्नाचा शेवटचा हप्ता देतो आणि बसतो. अव्दो गात असतानाची काही मिनिटांची बोलपट फीत पॅरीने १९३५ मध्ये घेतली होती. ती टिकली आहे आणि आता घरबसल्या पाहायला मिळते. भाषा कळणार नाही. आज रात्री घरी गेल्यावर ती लावा, आणि घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला शेजारी बसवा. ती संपली की तिला विचारा, ‘‘तुला काय येतं?’’ ती ‘काही नाही’ म्हणेल. थोडे थांबा.